दोन भाषांचा संसार

दोन भाषा येणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी सर्रास आढळते की तिच्याविषयी कोणी मुद्दाम काही लिहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. आपल्या सोलापुरात तर एका भाषेवर सबंध दिवस काढणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांच्या तोंडी कन्नड, विजापूर वेशीत दखनी वळणाची उर्दू, आणि या सर्वांना एकमेकांशी बोलते करणारी मराठी, असा या शहराचा नित्याचा व्यवहार आहे. तरीही वर्गात वर्षभर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या घरी कोणती भाषा बोलतात हे पुष्कळदा आपल्याला ठाऊक नसते. विचारले तर उत्तर देणारा जरा संकोचतो आणि ‘घरी आपलं असंच काहीतरी बोलतो’ असे म्हणून विषय बदलतो. ज्याला दोन भाषा येतात त्याला त्याचा अभिमान वाटण्याऐवजी संकोच का वाटावा, या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा विषय मला सुचला.

या लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. माणसाला दुसरी भाषा येते कशी? आलेली भाषा जन्मभर टिकते कशी? आणि कधी कधी एखादी भाषा, प्रसंगी आईच्या मांडीवर शिकलेली भाषासुद्धा, जाते कशी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे फिरून फिरून एकाच शब्दापाशी यावे लागते, तो शब्द म्हणजे गरज. ज्या भाषेला रोजच्या जीवनात काम आहे ती येते आणि राहते. जिचे काम संपले ती, कितीही प्रेमाची असली तरी, हळूहळू निघून जाते.

द्वैभाषिक कोणाला म्हणावे?

प्रारंभीच व्याख्येची अडचण येते. लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ साली आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात ही कसोटी फार कडक ठेवली. दोन्ही भाषांवर त्या त्या भाषेत जन्मलेल्या माणसासारखे प्रभुत्व असेल तर तो द्वैभाषिक, असे त्याचे मत. ही कसोटी लावली तर आपल्या महाविद्यालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरी द्वैभाषिक निघतील की नाही याची शंका आहे. आयनार हाउगेन याने अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांच्या भाषेवर १९५३ साली लिहिताना ही अट बरीच सैल केली. दुसऱ्या भाषेत अर्थपूर्ण आणि पुरे वाक्य बोलता येऊ लागले की तेथून द्वैभाषिकतेला आरंभ होतो, असे त्याने म्हटले. त्याच वर्षी उरिएल वाइनराइख याचा भाषासंपर्कावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याने तर दोन भाषा आळीपाळीने वापरण्याच्या रीतीलाच द्वैभाषिकता म्हटले.

पुढे १९८२ साली फ्रांस्वा ग्रोजाँ याने दोन भाषांसह जगणाऱ्या माणसांवर एक सविस्तर पुस्तक लिहिले. त्याचा मुख्य मुद्दा असा की, एका डोक्यात दोन एकभाषिक माणसे शेजारी शेजारी बसवली म्हणजे द्वैभाषिक तयार होतो, ही समजूतच चुकीची आहे. त्यासाठी तो अडथळ्यांच्या शर्यतीचे उदाहरण देतो. या शर्यतीतील खेळाडू नुसत्या धावण्यात धावपटूइतका वेगवान नसतो आणि नुसत्या उडीत उंच उडी मारणाऱ्याची बरोबरी करू शकत नाही. पण म्हणून त्याला अर्धा धावपटू आणि अर्धा उडी मारणारा असे कोणी म्हणत नाही. त्याचा खेळच निराळा आहे. त्याचप्रमाणे दोन भाषा वापरणारा माणूस हा एक स्वतंत्र आणि पुरा बोलणारा आहे.

ग्रोजाँने पुढे असेही दाखविले की अशा माणसाच्या दोन भाषा आपापसात कामे वाटून घेतात. एक भाषा एका प्रकारच्या माणसांसाठी आणि विषयांसाठी, दुसरी दुसऱ्यांसाठी. याचा पडताळा आमच्या घरातच येतो. आई घरी विड्या वळते. आजी, जिला आम्ही अव्वा म्हणतो, तिला मदत करते. अव्वा विड्यांच्या जुड्या मोजते ती ‘ओकटि, रेंडु, मूडु’ अशी तेलुगूत. आईही तेलुगूतच मोजते, पण कारखान्यात गेल्यावर एकूण आकडा कारकुनाला मराठीत सांगते. मी मात्र मोजते ती मराठीत, कारण पाढे शाळेत मराठीत पाठ झाले. एकाच सुपाभोवती बसलेल्या तीन पिढ्यांत भाषेच्या कामाची वाटणी अशी बदलत गेली आहे. मागावरच्या कित्येक बारीकसारीक वस्तूंना मला मराठी शब्द सुचत नाहीत. उलट ‘परीक्षा’, ‘निबंध’, ‘शिष्यवृत्ती’ हे विषय निघाले की माझी तेलुगू अडखळते. यात दोन्ही भाषा अपुऱ्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. ज्या भाषेत जे काम केले त्या भाषेत त्या कामाचे शब्द साठले, इतकेच.

भाषा कशी येते?

दुसरी भाषा लहानपणीच येते, मोठेपणी येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यात काही तथ्य आहे. विशेषतः उच्चाराच्या बाबतीत लहान मुलांचा हात कोणी धरणार नाही. मोठेपणी इंग्रजी शिकून त्या भाषेतील श्रेष्ठ कादंबरीकार ठरलेला जोसेफ कॉनरॅड हा जन्माने पोलिश होता, आणि त्याच्या इंग्रजी बोलण्यातील पोलिश ढब अखेरपर्यंत गेली नाही. पण उच्चार म्हणजे भाषा नव्हे. आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर गरज उभी राहिली की माणूस भाषा शिकतो, असेच आजूबाजूला पाहिले तर दिसते.

पहिला टप्पा अर्थातच बालपणाचा. रॉबिन्स बर्लिंग हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५४ साली संशोधनासाठी गारो टेकड्यांत राहावयास आला. हा प्रदेश तेव्हा आसामात होता, आता मेघालयात आहे. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा होता, तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा. घरात इंग्रजी आणि अंगणात गारो, अशा वातावरणात तो वाढला. थोड्याच काळात तो गारो इतकी सफाईने बोलू लागला की इंग्रजी मागे पडली. त्याला कोणी व्याकरण शिकविले नाही की शब्द पाठ करून घेतले नाहीत. खेळायचे तर गारो आली पाहिजे, एवढीच त्याची पाठशाळा होती.

दुसरा टप्पा शाळेचा. घरी तेलुगू, कन्नड, कोरकू किंवा गोंडी बोलणारी मुले पहिलीत बसतात तेव्हा वाचावयास शिकणे आणि वाचनाची भाषा शिकणे ही दोन्ही कामे त्यांना एकदम करावी लागतात. या दुहेरी ओझ्याचा विचार पहिलीच्या वर्गात क्वचितच होतो. तिसरा टप्पा पोटापाण्याचा. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. त्या काळापासून तेव्हाच्या निजामी मुलखातील तेलंगणातून विणकर कुटुंबे येथे येत राहिली. त्यांनी मराठी शिकली ती बाजारात, गिरणीच्या खात्यात आणि दुकानाच्या ओट्यावर. कोणत्याही पुस्तकाविना, भर तारुण्यात, आणि संसाराचा भार डोक्यावर असताना.

चौथा टप्पा विवाहाचा. त्याचा उल्लेख पुस्तकांत फारसा दिसत नाही, पण सीमाभागात तो फार महत्त्वाचा आहे. कन्नड घरातील मुलगी मराठी घरात येते, किंवा उलट. सासूशी बोलायचे, शेजारणीशी बोलायचे, मुलांना अंगाईगीत म्हणायचे, म्हणजे भाषा आलीच पाहिजे. वर्ष-दोन वर्षांत ती येतेही. या स्त्रियांच्या भाषाज्ञानाला कोणी विद्या म्हणत नाही, कोणी प्रमाणपत्र देत नाही. पण आपण वर्गात दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकून जे साधत नाही ते त्या चुलीपाशी साधतात. याचे कारण त्यांची बुद्धी आणि त्यांची गरज, दोन्ही तेथे एका ठिकाणी असतात.

मोठेपणी आलेली भाषा कोठवर जाऊ शकते याची दोन थोर उदाहरणे आपल्याजवळच आहेत. साताऱ्यात १८८५ साली जन्मलेले काका कालेलकर मराठी घरातले. मोठेपणी गुजराती आत्मसात करून ते त्या भाषेचे अग्रगण्य गद्यलेखक झाले, १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती ग्रंथासाठी मिळाला, आणि गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. दुसरे उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे. त्यांच्या घरची भाषा मराठी, गाव धारवाड, आणि काव्य कन्नड. कन्नडचे प्राध्यापक म्हणून १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात होते. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी लाभला, आणि मराठीतही ते लिहीत राहिले. बेंद्र्यांच्या बाबतीत दुसरी भाषा रस्त्यावरून घरात आली आणि कवितेपर्यंत पोहोचली, पण तिने पहिलीला घराबाहेर काढले नाही.

भाषा कशी टिकते?

युरोप-अमेरिकेतील अभ्यासक द्वैभाषिकतेकडे बहुधा दोन स्थिर अवस्थांमधील पूल म्हणून पाहत. परदेशी येणारी पहिली पिढी आपली भाषा बोलते, दुसरी दोन्ही बोलते, आणि तिसरी फक्त नव्या देशाची. तिसऱ्या पिढीत हिशेब संपतो. प्रबोध पंडित या भारतीय भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की आपल्याकडे हा नियम लागू पडत नाही. आपल्याकडे भाषा टिकणे हा नियम आणि जाणे हा अपवाद. पुणे विद्यापीठाने १९७२ साली प्रसिद्ध केलेली त्यांची व्याख्याने या विषयावर मोलाची आहेत. मुंबईत स्थायिक झालेल्या गुजराती मसाल्याच्या व्यापाऱ्याचे त्यांनी दिलेले उदाहरण तर अभ्यासकांत सुप्रसिद्धच आहे. हा व्यापारी घरी गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, गवळ्याशी हिंदी, व्यापाराच्या वर्तुळात कच्छी व कोकणी, आणि क्वचित एखाद्या औपचारिक प्रसंगी इंग्रजी. यातील कोणतीही एक भाषा दुसरीच्या कामात ढवळाढवळ करीत नाही, म्हणूनच सगळ्या टिकतात.

पंडितांनी तामिळनाडूतील सौराष्ट्री विणकरांच्या भाषेचाही अभ्यास केला. मूळ गुजरातकडून निघालेले हे लोक मदुराईत शतकानुशतके रेशीम विणीत आले आहेत. बाहेर तमिळ आणि घरात सौराष्ट्री, अशी त्यांची घडी आहे. तंजावरच्या मराठी कुटुंबांची कथाही अशीच. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे स्थापन केलेले राज्य १८५५ साली संपले, दरबार गेला, मोडी लिपीतील कारभार गेला, पण कित्येक घरांत मराठी राहिली. ती आपल्या मराठीहून निराळी वाटते, तिच्यात तमिळचे वळण आहे. तरी ती मराठीच आहे. राज्य गेल्यावरही भाषा राहिली याचे कारण तिचे खरे काम दरबारात नव्हते, घरात होते.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली कुपवाडच्या भाषाव्यवहारावर एक निबंध प्रसिद्ध केला. आज सांगली-मिरज महानगराचा भाग असलेले कुपवाड त्या वेळी सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते. जैन व लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित घरांत मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. शतकानुशतके हे लोक एकमेकांशी व्यवहार करीत आले. गावातील बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा येत. परक्या गटाशी बोलताना सर्वसाधारणपणे मराठी वापरली जाई, कारण ती गावातील बड्या गटांपैकी कोणाचीच घरची भाषा नव्हती. ती वापरल्याने कोणी कोणाच्या घरात शिरल्यासारखे होत नसे.

येथे एक मौजेची गोष्ट घडली. या भाषा एकमेकींत मिसळून नाहीशा झाल्या नाहीत, पण त्यांचे साचे एक झाले. शब्द आपापले राहिले, वाक्याची ठेवण समान झाली. मराठीत निर्जीव वस्तूंनाही पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग असते. कन्नडमध्ये माणसांखेरीज सगळे नपुंसकलिंगी. कुपवाडच्या मराठीने कन्नडची रीत उचलली. साचा एक होण्याचा हा प्रकार थोड्याबहुत प्रमाणात आपल्या शहरातही दिसतो. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘जाऊन येतो’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, तेलुगूत ‘पोयि वस्ता’, दखनीत ‘जाके आता’. चारही ठिकाणी आधी जाणे, मग येणे, आणि चारही ठिकाणी परतण्याचे आश्वासन. तसेच मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा आहे. हिंदीत आणि इंग्रजीत तो नाही. मराठी आणि तेलुगू ही दोन निरनिराळ्या कुळांतील भाषा. पण शेजारणींना एकमेकींच्या घरची रीत ठाऊक असावी तशी त्यांची स्थिती आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घरच्या भाषेला जपण्यासाठी बाहेरची भाषा टाळावी लागत नाही, आणि बाहेरची शिकण्यासाठी घरची सोडावी लागत नाही. दोघींना आपापले काम असले म्हणजे पुरे.

भाषा कशी जाते?

बर्लिंगच्या मुलाची कथा वर अर्धीच सांगितली. गारो टेकड्यांत साधारण दोन वर्षे काढून हे कुटुंब परत निघाले. प्रवासात जो माणूस दिसण्यात गारोसारखा वाटेल त्याच्याशी तो मुलगा गारोत बोलू पाही. उत्तर अर्थातच येत नसे. सहा महिन्यांच्या आत गारोतील अगदी साधे शब्दही त्याला आठवेनासे झाले. काही महिन्यांपूर्वी जी त्याची सर्वांत सफाईची भाषा होती तिची ही गत झाली. यात कोणी त्याला रागे भरले नाही, कोणी गारो बोलू नको म्हणाले नाही. उत्तर देणारे कोणी उरले नाही, एवढेच झाले.

लहान मुलाचे जे होते तेच समाजाचेही होते, फक्त त्याला पिढ्या लागतात. १८३४ नंतर मजुरीच्या करारावर मॉरिशसला गेलेल्या भारतीयांत मराठी बोलणारेही होते. त्यांच्या वंशजांनी सण, देव, भजने जपली. तेथील शाळांत मराठी शिकवलीही जाते. पण घरातल्या रोजच्या बोलण्यात क्रिओल आली आणि मराठी पुष्कळशी पूजेची आणि पुस्तकाची भाषा बनली. तंजावर आणि मॉरिशस यांतील हा फरक विचार करण्याजोगा आहे. शाळा भाषेला मदत करते, पण स्वयंपाकघराची जागा ती घेऊ शकत नाही.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट याने १९७० च्या दशकात द्वैभाषिकतेचे दोन प्रकार सांगितले. त्यांना मराठीत बेरजेची आणि वजाबाकीची द्वैभाषिकता म्हणता येईल. पहिल्या प्रकारात पहिली भाषा शाबूत राहते आणि तिच्यात दुसरीची भर पडते. दुसऱ्या प्रकारात नवी भाषा जुनीला ढकलून तिची जागा घेते. ज्या समाजाच्या भाषेला मान आहे त्याची मुले बेरीज करतात. ज्याच्या भाषेला मान नाही त्याच्या मुलांकडून वजाबाकी करून घेतली जाते.

आपल्या पिढीपुढचा खरा प्रश्न हा आहे. आमच्या आजी-आजोबांनी तेलुगू राखून मराठी मिळविली. आमच्या पिढीने तेलुगू बोलण्यापुरती ठेवून मराठी लिहिण्यावाचण्याची केली. आमच्या घरातील लहान भाचरे इंग्रजी माध्यमात जातात. त्यांच्याशी घरातील मोठी माणसे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, कारण तेलुगू बोलल्याने मुलांचे इंग्रजी बिघडेल अशी त्यांना भीती वाटते. अव्वा काही म्हणाली तर ती मुले समजतात, पण उत्तर मराठीत देतात. पुढची पायरी काय असेल ते सांगावयास ज्योतिषी नको. आणि हे फक्त तेलुगूचे नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली गेली त्या घरांतही आज मुलांशी मराठी बोलावे की नाही याची चर्चा होऊ लागली आहे. आज तेलुगू आणि कन्नड घरांवर आलेली वेळ उद्या मराठी घरांवर येऊ शकते.

दोन आक्षेप

दोन भाषांच्या ओझ्याने मुलांची बुद्धी मंदावते, हा पहिला आणि जुना आक्षेप. १९२३ साली डी. जे. सेअर याने वेल्समधील सुमारे १,४०० मुलांची परीक्षा घेतली. खेड्यांतील वेल्श-इंग्रजी बोलणारी मुले त्याला मागे आढळली आणि दोष दोन भाषांना देण्यात आला. पण शहरांतील मुलांत असा फरक त्यालाच दिसला नव्हता, याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९६२ साली एलिझाबेथ पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियल येथे दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. मात्र दोन्ही गटांतील मुलांची घरची परिस्थिती सारखी असेल याची त्यांनी काळजी घेतली. तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे निघाली. म्हणजे पूर्वीच्या परीक्षांत गरिबीचा दोष भाषेच्या माथी मारला गेला होता. आपल्याकडेही हे घडते. विडी वळणाऱ्या घरातील मूल मागे पडले की त्याच्या घरच्या भाषेकडे बोट दाखविले जाते. घरात अभ्यासाला जागा आहे का, दिवा आहे का, हे कोणी विचारीत नाही.

वृद्धापकाळासंबंधीचे एक संशोधन तर आपल्या फार जवळचे आहे. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेतील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना आढळले. विशेष म्हणजे अक्षरओळख नसलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. या बाबतीत सर्व संशोधकांचे एकमत नाही आणि काही पाहण्यांत असा लाभ दिसून आलेला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. तथापि शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारी जन्मभर दोन-तीन भाषा चालवते तेव्हा तिचा मेंदू काही लहानसहान काम करीत नसतो, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

दुसरा आक्षेप सरमिसळीचा. दोन भाषा येणारे एकाच वाक्यात दोन्ही कालवतात आणि त्यांना एकही धड येत नाही, असे म्हटले जाते. शाना पॉपलॅक हिने न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वस्तीतील बोलण्याचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. ही सरमिसळ वाटेल तशी होत नाही, दोन्ही भाषांचे व्याकरण सांभाळून होते. आणि ज्यांना दोन्ही भाषा उत्तम येतात तेच वाक्याच्या पोटात भाषा बदलण्याचे अवघड काम सहज करतात, असे तिला आढळले. अर्थात निबंधात किंवा उत्तरपत्रिकेत सरमिसळ चालणार नाही. पण कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे ओळखणे, हाही भाषाज्ञानाचाच भाग आहे. आपण ते रोज करतो. अव्वाशी बोलताना आणि प्राध्यापकांशी बोलताना आपण एकसारखे बोलत नाही.

मोजदाद आणि वास्तव

भारतात १९६१ च्या जनगणनेत आपल्याला दुसरी भाषा येते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९.७ होते. १९९१ मध्ये ते सुमारे १९.४ झाले आणि २०११ मध्ये सुमारे २६. शिक्षण, स्थलांतर आणि दळणवळण यांची वाढ हे याचे एक कारण असेलच. पण जनगणनेत मोजले जाते ते माणूस जे सांगतो ते. बाजारात शिकलेली भाषा, शेजारणीकडून शिकलेली भाषा ‘येते’ असे सांगावयास आपली माणसे धजत नाहीत. लिहितावाचता आले तरच भाषा आली, असे त्यांना वाटते. त्यामुळे खरा आकडा यापेक्षा बराच मोठा असावा असे मानावयास जागा आहे.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. भाषा बालपणी येते तशी शाळेत, कामावर, लग्नानंतर, केव्हाही येते. ती टिकते ती तिच्यावरील प्रेमामुळे किंवा तिच्या प्राचीन वाङ्मयामुळे नव्हे. कोणाशी तरी, कशासाठी तरी ती रोज बोलावी लागते म्हणून. आणि ती जाते तीही कोणी मारते म्हणून क्वचितच. बहुधा ती बेकार होते म्हणून जाते. म्हणून ज्याला आपली भाषा राहावी असे वाटते त्याने तिला काम दिले पाहिजे.

हे काम मोठे असावयास हवे असे नाही. घरी धाकट्यांशी आजीच्या भाषेत बोलावे आणि त्यांनी मराठीत उत्तर दिले तरी आपण ती सोडू नये. मागाचे, विडीचे, शेतीचे, स्वयंपाकाचे जे शब्द आजी-आजोबांबरोबर जातील ते देवनागरीत का होईना, वहीत उतरवून ठेवावेत. तेलुगूत मागाला ‘मग्गम’ म्हणतात आणि मराठीत ‘माग’. अशा जोड्या गोळा केल्या तरी भाषाशास्त्राचा एक लहानसा पाठ तयार होईल. आपल्या प्राध्यापकवर्गालाही एक नम्र विनंती आहे. तेलुगू किंवा कन्नड घरातील विद्यार्थी ‘ती माग’, ‘तो विडी’ असे लिहितो तेव्हा चूक अवश्य दुरुस्त करावी. पण त्या चुकीमागे आळस नसून दुसऱ्या एका भाषेचे शुद्ध व्याकरण आहे, हेही त्याला सांगावे. त्याने त्याची मराठी सुधारेल आणि मानही खाली जाणार नाही.

पुढील वर्षीच्या या वार्षिकात मराठी, हिंदी व इंग्रजी विभागांच्या शेजारी आपल्या घरोघरच्या भाषांसाठी दोन पाने राखून ठेवता आली तर त्या पानांना मजकूर कमी पडणार नाही, अशी माझी खात्री आहे. निदान वर्गात शेजारी बसणाऱ्याने ‘तुझ्या घरी कोणती भाषा बोलतात?’ असे विचारले, तर त्या भाषेचे नाव सरळ सांगावे, एवढे तर आपण आजपासून करू शकतो.